गाणें शाळेंत आलें

गाणें शिकावयाचें म्हणजे घर सोडावयाचें, असा एक काळ होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) पोरवयांतच विद्येसाठीं बाहेर पडले. धारेस देवजीबुवांकडे ते राहिले. पण तेथें गुरुपत्नीची मर्जी बसेना, म्हणून तें घर सोडावें लागलें. पुढें वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशीं त्यांना ग्वाल्हेरची गायकी मिळाली आणि ती त्यांनीं महाराष्ट्रांत आणली. गुरूच्या घरीं पडेल तें काम करावें आणि बुवांची मर्जी लागेल तेव्हां तंबोरा घेऊन मागें बसावें, हाच त्या वेळचा अभ्यासक्रम. जें मिळे तें पक्कें मिळे, यांत संशय नाहीं. पण ज्याला सारा जन्म गाण्यास वाहावयाचा आहे, त्यालाच तें मिळे. बाकीच्या मुलांचें काय, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नसे. उलट पांढरपेशा घरांत मुलगा गुणगुणूं लागला कीं वडिलांच्या कपाळास आठी पडे. मुलीची तर गोष्टच नको.

ह्या प्रश्नास हात घातला तो बडोद्यानें. सयाजीराव महाराजांनीं १८८६ सालीं तेथें गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्ष यांच्या हातीं दिली. मौलाबक्ष हे उत्तरेकडचे गवई, पण म्हैसुरास राहून त्यांनीं दक्षिणेची पद्धत जवळून पाहिली होती. दक्षिणेंत मुलांसाठीं पायऱ्या पूर्वींपासून बांधलेल्या आहेत. आधीं सरळ स्वरपंक्ति, मग जोडस्वर, मग अलंकार, मग छोटीं गीतें. ही शिस्त पुरंदरदासांनीं घालून दिली, असें तिकडील परंपरा मानते. हिंदुस्थानी संगीतांत तशी सर्वमान्य पायरी नव्हती. मौलाबक्षांनीं आपली स्वरलिपि तयार केली, क्रमवार पुस्तकें लिहिलीं आणि गाणें हा वर्गांत बसून शिकण्याचा विषय होऊं शकतो, हें दाखवून दिलें. त्या शाळेची स्मृति आज बडोद्याबाहेर फारशी कोणी ठेवीत नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

बडोद्यास राजाचा आधार होता. राजाश्रयाशिवाय, लोकांच्या पैशावर हेंच काम करण्याचें साहस विष्णु दिगंबर पलुसकरांनीं केलें. त्यांचा जन्म १८७२ मध्यें कुरुंदवाडास, एका कीर्तनकाराच्या घरीं झाला. लहानपणीं शोभेच्या दारूनें त्यांचे डोळे दुखावले आणि लिहिणें-वाचणें कठीण होऊन शाळा सुटली. शाळा सुटली म्हणून हा मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाण्यास गेला, आणि ज्याची शाळा सुटली त्यानेंच पुढें गाण्याची शाळा काढली! मिरजेंतील एका समारंभाचें आमंत्रण त्यांना आलें, पण त्यांच्या गुरूंना आलें नाहीं. चौकशी करतां 'ते काय, गवई' अशा अर्थाचें उत्तर मिळालें, असें सांगतात. ही बोच मनांत घेऊन ते १८९६ मध्यें मिरजेहून निघाले आणि हिंडत हिंडत लाहोरास पोंचले. तेथें ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. आरंभीं विद्यार्थीच येईनात. बुवा मात्र ठरल्या वेळीं तंबोरा जुळवून रिकाम्या वर्गांत बसत, अशी आठवण सांगितली जाते.

त्यांची खरी अडचण स्वरांची नव्हती, आईबापांची होती. जुन्या बंदिशींतील शृंगाराचे शब्द काढून त्यांनीं त्या जागीं भक्तीचे शब्द घातले. ह्यावर रसिकांनीं नाकें मुरडलीं, आणि कांहीं ठिकाणीं तीं मुरडण्याजोगींही होतीं. कारण शब्द बदलला कीं त्यावर बसलेला स्वराचा लहेजाही बदलतो. परंतु सभ्य घराचें दार उघडलें तें ह्याच किल्लीनें. ठराविक वेळ, हजेरी, परीक्षा, प्रमाणपत्र, हें सर्व शाळेचें रूप पाहून वडीलमाणसांचा जीव भांड्यांत पडला आणि मुलें गाण्यास येऊं लागलीं; स्त्रियांसाठींही वर्ग निघाले. १९०८ मध्यें मुंबईस शाखा झाली. तेथील इमारत पुढें कर्जापायीं लिलांवांत गेली, पण त्या शाळेंतून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर असे शिष्य बाहेर पडले होते. नारायण मोरेश्वर खरे हे तर गांधीजींच्या साबरमती आश्रमांत गेले आणि तेथील लहानथोरांच्या प्रार्थनेला त्यांनीं रागाचें वळण लावलें. आपल्याला तानसेन नव्हे तर कानसेन तयार करावयाचे आहेत, ह्या अर्थाचें बुवांचें बोलणें प्रसिद्ध आहे.

त्याच सुमारास मुंबईंत विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) निराळ्या बाजूनें ह्याच कामास लागले होते. पेशा वकिलाचा, वृत्ति संशोधकाची. गांवोगांव हिंडून त्यांनीं उस्तादांकडून चिजा मिळविल्या. चीज कागदावर गेली म्हणजे घराण्याची ठेव गेली, अशी उस्तादांची भीति असे. ती अगदींच निराधार होती, असें म्हणतां येणार नाहीं. भातखंड्यांनीं रागांची मांडणी दहा थाटांत केली आणि लहान मुलासही वाचतां येईल अशी स्वरलिपि ठरविली. शुद्ध स्वराला चिन्ह नाहीं. कोमलाखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खालीं टिंब, तार सप्तकाला वर. एवढ्यांत काम भागलें. पलुसकरांची लिपि मात्रांच्या बाबतींत अधिक काटेकोर होती, पण चिन्हांच्या गर्दीमुळें नवख्याला ती जड जाई.

भातखंड्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांची. तींत सुमारें १८०० चिजा आहेत. मुलांच्या दृष्टीनें तींतली खरी युक्ति म्हणजे लक्षणगीत. रागाला कोणते स्वर लागतात, वादी कोण, संवादी कोण, तो गावयाचा केव्हां, हें सर्व त्याच रागांत बांधलेल्या गीताच्या शब्दांतच सांगितलेलें असतें. व्याकरणाचा नियम आणि त्याचें उदाहरण एकाच श्वासांत यावें, तसा हा प्रकार आहे. १९१६ मध्यें त्यांनीं बडोद्याच्या शाळेची नवी घडी बसविली. १९१८ मध्यें ग्वाल्हेरचें माधव संगीत विद्यालय आणि १९२६ मध्यें लखनौचें मॅरिस कॉलेज त्यांच्याच प्रेरणेनें निघालें.

परंतु वर्गाच्या गाण्यांत एक वैगुण्य राहिलें. तीस मुलें एका सुरांत ओढावयाचीं म्हणजे पेटी आली. पेटीचे सूर ठोकळ, त्यांत मींड नाहीं, आणि रागांतील बारीक श्रुति तर नाहींतच. १९४० मध्यें रेडिओवर पेटीस मज्जाव झाला आणि तो कित्येक वर्षें टिकला, त्यामागें हाच आक्षेप होता. दुसरें असें कीं, कागदावरची सरगम बिनचूक वाचणारें मूल तोच राग दुसऱ्या कोणाच्या तोंडून आला म्हणजे ओळखीलच, असा नेम नाहीं. ओळख पटते ती पुष्कळ ऐकून. आणि महाराष्ट्रांत हें ऐकविण्याचें काम शाळेपेक्षां कीर्तनानें व नाटकानेंच जास्त केलें. १९१६ मध्यें 'स्वयंवर' नाटक रंगभूमीवर आलें. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, गाणारे बालगंधर्व. यमन आणि भीमपलास हीं नांवें ठाऊक नसलेल्या मुलांच्या ओठीं ते राग त्या पदांच्या रूपानें बसले. अशा मुलापुढें पुस्तक ठेवलें तर तें पुस्तक बोलूं लागतें.

दोन मुलांच्या गोष्टी येथें शेजारीं ठेवण्याजोग्या आहेत. श्रीकृष्ण रातंजनकर लहानपणीं प्रथम कृष्णंभट होनावर यांच्याकडे स्वरांचे पाठ घोटूं लागले. पुढें ते भातखंड्यांचे शिष्य झाले, आणि एवढें शास्त्र पदरीं असतांही त्यांना बडोद्यास फैयाज खाँ यांच्यापाशीं तालमीस बसावें लागलें. कागदाचा सर्वांत मोठा कैवारी जो भातखंडे, त्यानेंच आपला आवडता शिष्य उस्तादापुढें बसूं दिला. हेच रातंजनकर नंतर लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य झाले.

दुसरा मुलगा बेळगांवाकडचा, शिवपुत्र कोमकली. ह्याची वाट अगदीं उलटी. रीतसर तालीम कांहीं नाहीं, पण मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्यांची हुबेहूब नक्कल करी. १९३६ मध्यें मुंबईंत जीना हॉलमधील संगीत परिषदेंत हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला आणि सभा थक्क झाली. कुमार गंधर्व हें नांव त्याला आधींच मिळालें होतें. नक्कल कितीही हुबेहूब झाली तरी ती दुसऱ्याची. त्याला गाण्याच्या आंत नेण्याचें काम देवधरमास्तरांच्या शाळेंत झालें. देवधर पलुसकरांच्या शाळेंत वाढलेले, पण पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केलेले आणि कोणत्याही घराण्याला दार बंद न करणारे गुरु. त्यांच्या शाळेंत नाना घराण्यांचे उस्ताद येत, बसत, गात. आणि धडा घेण्यास आलेल्या त्या मुलाला धड्याखेरीज हेंही सर्व ऐकावयास मिळे.