निळ्या बेडकाचे कुळ

बेडूक कोणी पाळतो का, असे तुम्ही विचाराल. पावसाळ्यात दाराशी येतात ते काय थोडे असतात! पण हॉलंड, जर्मनी, अमेरिका या देशांत काचेच्या पेटीत शेवाळ व झाडे लावून रंगीत बेडूक पाळण्याचा छंद पुष्कळांना आहे. त्यातल्या एका बेडकाची हकीगत ऐका.

दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम देशाच्या दक्षिणेला सिपालिविनी नावाचे माळरान आहे. माळावर मधूनमधून रानाचे तुकडे, पाण्यात बेटे असावीत तसे. तिथे जेमतेम दीड इंचाचा, निळाशार, काळ्या ठिपक्यांचा बेडूक राहतो. हूगमूड या डच शास्त्रज्ञाने १९६९ साली त्याला स्वतंत्र जात ठरवून ‘अझुरियस’ नाव दिले. त्याचा भाईबंद ‘टिंक्टोरियस’ काळा, पिवळ्या पट्ट्यांचा. आणि रान बदलले की त्याचा रंगही बदलतो.

हे दोघे एका पेटीत ठेवले की पिल्ले होतात. पण जाणत्या छंदी लोकांचा दंडक असा, की दोन जाती मिसळायच्या नाहीत. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही एकाच जातीचे ठरले. मग दंडक गेला काय? नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. शास्त्रज्ञांनी नाव बदलले. रान काही बदलले नाही.

या बेडकांच्या व्यापारावर १९८७ पासून आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत, रानातून नवी जोडी सहज मिळत नाही. पेटीतला वंश एकदा मिसळला की मिसळला. गोष्टीतला राजहंस दूध-पाणी निवडतो म्हणे. इथे तो कुठून आणणार? त्यातून मिश्र पिल्लू पुन्हा निळ्याशीच जोडत गेले, तर दोन-तीन पिढ्यांत ते हुबेहूब निळे दिसू लागते. मग विकणाऱ्याने मौन पाळले की घेणारा फसलाच.

आपल्याकडे १९६४ साली ‘सीएसएच-१’ ही हायब्रीड ज्वारी आली. संकरच तो! पण त्याचे दोन्ही आईबाप वाण शुद्ध राखावे लागतात, कारण बियाणे दर वेळी त्यांच्यापासूनच करायचे. आणि पिशवीवर संकराचे नाव छापलेले असते. बेडकाच्या पेटीवर मालकाच्या शब्दाखेरीज काय असते?

म्हणून काही जण चुकून झालेली मिश्र पिल्ले विकत नाहीत, कोणाला देतही नाहीत. आपल्याच घरी, वेगळ्या पेटीत सांभाळतात. हा बेडूक पेटीत दहा वर्षांहून अधिक जगतो.