निकालावर अनुदान : एका पद्धतीचा उदय आणि अस्त

शाळा चालवायची तर द्रव्य लागते आणि द्रव्य देणारा त्याचा हिशेब मागतो. तो कसा मागावा, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एक मोठा प्रयोग झाला. सुमारे पस्तीस वर्षे चाललेला हा प्रयोग समुद्र ओलांडून मुंबई इलाख्यातही आला आणि अखेरीस दोन्हीकडे शासनानेच तो मागे घेतला. शिक्षणसंस्थांचा भार वाहणाऱ्या समाजाने हा इतिहास आवर्जून जाणून घ्यावा, असा आहे.

त्या काळी इंग्लंडमधील गोरगरिबांच्या प्राथमिक शाळा बहुतांशी धार्मिक व लोकोपयोगी संस्था चालवीत असत. १८३३ साली पार्लमेंटने त्यांच्या इमारतींसाठी प्रथम २०,००० पौंड मंजूर केले. १८६० च्या सुमारास हे वार्षिक अनुदान ८ लाख पौंडांच्या घरात गेले. १८५८ साली नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला. शिक्षक वरच्या वर्गातील मोजक्या हुशार मुलांवर मेहनत घेतात, लहान मुलांकडे दुर्लक्ष होते आणि पुष्कळ मुले धड लिहिता-वाचता येण्यापूर्वीच शाळा सोडतात, असे त्यात म्हटले होते. ही तक्रार निराधार नव्हती. नव्या पद्धतीच्या मुळाशी केवळ काटकसर नव्हती, दुर्लक्षित मुलाचा कैवारही होता, हे विसरून चालणार नाही.

शिक्षणखात्याची धुरा सांभाळणारे रॉबर्ट लो यांनी १८६२ साली सुधारित संहिता अमलात आणली. शिक्षण स्वस्त नसेल तर ते परिणामकारक असेल आणि परिणामकारक नसेल तर निदान स्वस्त तरी असेल, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. सरासरी उपस्थितीवर दरडोई ४ शिलिंग मिळत. याशिवाय वर्षात २०० हून अधिक हजेऱ्या भरलेल्या प्रत्येक मुलामागे ८ शिलिंग ठेवले होते. मात्र वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात ते मूल नापास होईल, त्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. अभ्यासाच्या सहा इयत्ता ठरविण्यात आल्या. पहिलीत पाटीवर अक्षरे आणि वीसपर्यंतचे अंक काढावयाचे. सहावीत वर्तमानपत्रातील परिच्छेद वाचावयाचा. एकदा ज्या इयत्तेची परीक्षा दिली, त्याच इयत्तेत मुलाला पुन्हा बसविता येत नसे. मुख्याध्यापकाने शाळेची नोंदवही ठेवणेही सक्तीचे झाले.

परिणाम लवकरच दिसू लागले. १८६५ पर्यंत अनुदान सुमारे ६ लाख ३६ हजार पौंडांवर उतरले. त्या अर्थाने लो यांचा हेतू सफल झाला. पण शाळेचे अंतरंग पालटले. इतिहास, भूगोल यांना पैसा नसल्याने ते मागे पडले. शिक्षकाचे वेतन अनेक ठिकाणी अनुदानाच्या रकमेशी जोडले गेले. परीक्षेच्या दिवशी आजारी मुलांनाही शाळेत आणल्याच्या नोंदी आढळतात. तपासनीस हा शिक्षकाचा सल्लागार न राहता पैसे कापणारा अधिकारी ठरला.

ज्येष्ठ कवी मॅथ्यू आर्नोल्ड हे स्वतः १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळातपासनीस होते. त्यांनी आरंभापासूनच या पद्धतीला विरोध केला. नेमलेले पुस्तक मुले पाठ करून टाकतात आणि वाचता येत नसतानाही वाचनात उत्तीर्ण होतात, हे त्यांनी निदर्शनास आणले. तपासनिसांचे अहवाल छापण्यापूर्वी त्यांत काटछाट होते, असा आरोप १८६४ साली पार्लमेंटमध्ये झाला. ठराव विरोधात गेल्याने लो यांना पद सोडावे लागले. पुढे चौकशीत ते दोषमुक्त ठरले, पण पद्धत तशीच राहिली.

बंधन सैल होण्यास मात्र एक पिढी लागली. १८६७ मध्ये अन्य विषयांनाही थोडे अनुदान मिळू लागले. क्रॉस आयोगाच्या चौकशीनंतर १८९० साली तिन्ही विषयांतील प्रत्येक मुलाच्या परीक्षेवर पैसे देणे थांबले. १८९५ पासून चांगल्या शाळांत वार्षिक परीक्षेऐवजी पूर्वसूचनेविना भेटी देण्याची प्रथा आली. शतक संपता संपता निकालावरील अनुदान इतिहासजमा झाले. १९०५ साली शिक्षणखात्याने शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, तिचे नाव आदेश नव्हे तर ‘सूचना’ असे होते. प्रत्येक शिक्षकाने स्वतः विचार करावा, अशी अपेक्षा तीत व्यक्त झाली होती.

ही पद्धत मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सर अलेक्झांडर ग्रँट शिक्षणखात्याचे संचालक असताना रुजली. खाजगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागले. लोकांच्या बोलण्यात ‘दिपोटी’ झालेल्या डेप्युटी इन्स्पेक्टरची वार्षिक भेट हा शाळेच्या वर्षातील निर्णायक दिवस बनला. १८८२ च्या हंटर आयोगानेही प्राथमिक शाळांसाठी निकालावरील अनुदानाचीच शिफारस केली. मागासलेल्या भागांना मात्र सवलत सुचविली.

याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी दिलेल्या निवेदनात एक महत्त्वाचा विचार आहे. वर्षातून एकदाच होणाऱ्या तपासणीचा फारसा उपयोग नाही; तपासणी निदान तिमाही व्हावी आणि अधिकाऱ्याने आगाऊ वर्दी न देताही शाळेत जावे, असे त्यांनी सुचविले. त्याचबरोबर शिक्षकाला चांगले वेतन मिळावे, असाही त्यांचा आग्रह होता. पूर्वसूचनेविना भेटीचा जो मार्ग इंग्लंडने १८९५ साली पत्करला, तो पुण्याच्या या द्रष्ट्या पुरुषाने तेरा वर्षे आधी सांगितला होता. अखेर लॉर्ड कर्झन यांच्या राजवटीत ११ मार्च १९०४ रोजी प्रसिद्ध झालेल्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावाने भारतातही निकालावरील अनुदानाची पद्धत सोडून दिली.

हा प्रश्न मात्र कायमचा मिटला नाही. अमेरिकेत जानेवारी २००२ मध्ये झालेल्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणितात दरवर्षी परीक्षा आणि प्रत्येक सार्वजनिक शाळेच्या निकालाचे जाहीर विवरण सक्तीचे केले. २०१४ पर्यंत सर्व मुले प्रवीण व्हावीत, असे उद्दिष्ट होते. ते साधले नाही. डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्याने शाळांवरील कारवाईचे बरेच अधिकार राज्यांकडे सोपविले. वार्षिक परीक्षा व विवरण मात्र कायम ठेवले. मागे पडलेल्या समाजगटांची मुले एकूण सरासरीत झाकली जाऊ नयेत, ही त्यामागील भूमिका होती.

या दीर्घ इतिहासातून एक बोध निघतो. मुलाला काय येते हे पाहणे आणि त्यावर शाळेचा पैसा मोजणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसरी सैल करणे हितावह ठरले. पहिली सोडून दिली असती, तर ज्या उपेक्षित मुलासाठी हा सारा खटाटोप आरंभला, तेच पुन्हा मागच्या बाकावर विसरले गेले असते. हिशेब हवाच, पण तो शाळेत वारंवार जाऊन, शिक्षकाचा मान राखून घेतलेला हवा.