दुकानाची पाटी कोणाच्या नावावर? : भारतातील पहिल्या व्यावसायिक संकेतस्थळांचा धडा

माझी मावसबहीण इंदूरला घरगुती लोणची आणि मसाले विकते. तीन वर्षांपूर्वी तिने ओळखीच्या एका होतकरू मुलाकडून व्यवसायाचे पहिले संकेतस्थळ करवून घेतले. गेल्या महिन्यात ते अचानक बंद पडले. मी मूळचा भौतिकशास्त्राचा. पण घरच्यांच्या लेखी ‘संगणकातले सगळे समजणारा’ असल्याने फोन मला आला. चौकशी केली तेव्हा कळले, की संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, त्या मुलाने स्वतःच्या खात्यातून स्वतःच्याच नावावर घेतले होते. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला, जुना ईमेल वापरेनासा झाला आणि वार्षिक नूतनीकरण राहून गेले. तीन वर्षे ज्या पाटीखाली बहिणीने धंदा केला, ती पाटी कायद्याने तिची कधी नव्हतीच.

ही चूक नवशिक्याकडून का होते, हे समजण्यासाठी आपल्या देशातील इंटरनेटच्या इतिहासाकडे वळावे लागते.

कोणत्याही संकेतस्थळाला तीन गोष्टी लागतात: नाव, यंत्र आणि तार. नाव म्हणजे डोमेन. यंत्र म्हणजे पाने साठवणारा सर्व्हर. तार म्हणजे वाचकाला त्या यंत्रापर्यंत नेणारी जोडणी. यंत्रे एकमेकांना अंकांनी ओळखतात, माणसे नावांनी. ही सांगड घालणारी डोमेन नावांची पद्धती १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. यंत्र बदलले तरी नाव तेच राहू शकते, हा तिचा सर्वांत मोठा गुण होय.

भारतात या तीनही गोष्टी प्रथम वैज्ञानिकांच्या हाती आल्या. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभारण्यास घेतले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतील खुद्द विभाग आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र असे त्याचे आठ घटक. जुहूच्या या केंद्राचे नेतृत्व श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होते. १९८९ च्या मे महिन्यात ‘डॉट इन’ हे भारताचे नाव जगाच्या नोंदवहीत आले आणि त्याची नोंदणी याच केंद्राकडे राहिली. त्याच वर्षी तेथून अमेरिकेकडे जाणारी भाड्याची तार सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेत असे. त्या वेगाने ५० किलोबाइटांचे एक छायाचित्र यायला सुमारे ४२ सेकंद लागतात. आज आपण तेवढा वेळ थांबणार नाही. तेव्हा मात्र सारा देश तेवढ्या अरुंद वाटेने जगाशी बोलत होता.

सामान्य नागरिकासाठी तार आली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. फोनची ओळ वारंवार तुटे आणि स्वस्त खात्यांवर केवळ अक्षरे दिसत. खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले व्हायला १९९८ चा नोव्हेंबर उजाडला.

अशा काळात धंद्याचे पहिले संकेतस्थळ कसे उभे राहत असे, याचे बोलके उदाहरण ‘नोकरी डॉट कॉम’चे. संजीव बिखचंदानी हे अहमदाबादच्या आयआयएमचे पदवीधर. दिल्लीत ते माहिती-संकलनाचा छोटा व्यवसाय चालवीत. १९९६ मध्ये प्रगती मैदानावरील एका प्रदर्शनात त्यांनी प्रथमच वेब पाहिले. संकेतस्थळ काढायचे तर सर्व्हर अमेरिकेत लागेल, असे त्यांना तेथेच सांगण्यात आले. त्यांचे बंधू कॅलिफोर्नियात प्राध्यापक होते. त्यांनी महिना सुमारे २५ डॉलर भाड्याने सर्व्हर मिळवून दिला. पण रिकाम्या पानाकडे कोण फिरकणार? म्हणून देशभरातील २९ वृत्तपत्रांचे अंक मागवून त्यांतील सुमारे १,००० नोकऱ्यांच्या जाहिराती हाताने टंकित केल्या गेल्या, आणि १९९७ मध्ये संकेतस्थळ सुरू झाले. यंत्र उसने, तार सरकारी आणि तीही कुरकुरणारी. स्वतःचे असे दोनच: मजकूर आणि नाव.

नावाची किंमत लवकरच न्यायालयात सिद्ध झाली. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू’शी साधर्म्य असलेल्या ‘याहूइंडिया’ या नावाचा वापर रोखला. त्याच वर्षी ‘रेडिफ’च्या स्पेलिंगमधील एक अक्षर बदलून घेतलेल्या ‘रॅडिफ’ या नावाचा खटला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. डोमेन हा निव्वळ पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळायला हवे, असे न्यायालयाने मानले. २००२ मध्ये ‘नोकरी’लाही एका जादा अक्षराच्या ‘नौकरी’विरुद्ध दिल्लीच्या न्यायालयात उभे राहावे लागले. अखेर २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व देशभरासाठी प्रस्थापित केले.

तोवर ‘डॉट इन’ची नोंदणी मात्र कडक नियमांत अडकलेली होती. २००४ अखेरपर्यंत अशी जेमतेम ७,००० नावे घेतली गेली होती. जानेवारी २००५ मध्ये नियम सैल झाले आणि नाव कोणालाही, कोठूनही, थोडक्या पैशांत घेता येऊ लागले. २०१४ मध्ये देवनागरीतील ‘डॉट भारत’ आले. मराठी, कोंकणी, हिंदी यांसह आठ भाषांना आपल्या लिपीत पाटी लावणे शक्य झाले.

येथेच इतिहासाने एक गमतीदार वळण घेतले. यंत्र आणि तार दुर्मीळ होती, तेव्हा लोक नावासाठी न्यायालयापर्यंत जात. आता तिन्ही गोष्टी एकाच दुकानात, एकाच पावतीवर मिळतात, आणि त्यामुळे त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत याचाच विसर पडतो. सर्व्हर भाड्याचा असला तरी बिघडत नाही. बिखचंदानींचाही भाड्याचाच होता. पाने दुसऱ्याने रचली तरी चालते. ती पुन्हा रचता येतात. पण नाव दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर ग्राहकांच्या स्मरणात आणि मसाल्याच्या पुड्यांवर छापलेला पत्ता आपल्या हाती उरत नाही.

म्हणून पहिले संकेतस्थळ काढणाऱ्याने रंग आणि चित्रे ठरवण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. नोंदणीत धारक म्हणून स्वतःचे किंवा व्यवसायाचे नाव आहे ना? खात्याला जोडलेला ईमेल आणि फोन आपलाच आहे ना? परवलीचा शब्द आपल्यापाशी आहे ना? नूतनीकरणाची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहिली आहे ना? या कामाला तासभरही लागत नाही.

बहिणीच्या बाबतीत नशीब बरे होते. मुदत संपली तरी सवलतीचे दिवस शिल्लक होते. तो मुलगाही सापडला आणि ओशाळून त्याने नाव तिच्या खात्यात वर्ग केले. उशीर झाला असता तर ते नाव बाजारात कोणीही उचलले असते. तुमच्या घरी, शेजारी, गावी कोणाचे छोटे संकेतस्थळ असेल, तर आज एवढेच विचारा: पाटी कोणाच्या नावावर आहे?