ज्योतीवर थंड होणारे कपाट : गॅस की वीज?

१९२२ साली स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी एक विलक्षण यंत्र सिद्ध केले. त्यात एकही हलणारा भाग नव्हता. खाली लहानशी ज्योत तेवत ठेवली की वरचे कपाट थंड होई.

उष्णतेने थंडावा निर्माण करण्याची कल्पना त्याहून जुनी. फ्रान्सच्या फर्डिनांड कारे यांनी १८५९ मध्येच अमोनिया आणि पाणी वापरून शोषण-शीतयंत्र बनवले होते. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो. द्रावण तापवले की तो वायुरूपाने बाहेर पडतो, निवून द्रवरूप होतो, पुन्हा बाष्पीभवन पावताना भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पाण्यात परततो. मात्र कारे यांच्या यंत्रात उच्च आणि नीच असे दोन दाब राखावे लागत आणि त्यासाठी पंप लागे. स्वीडिश जोडीने या चक्रात हायड्रोजन मिसळला. त्यामुळे एकूण दाब सर्वत्र सारखा राहिला. पण जेथे हायड्रोजन आहे तेथे अमोनियाचा आंशिक दाब घसरला आणि त्याचे बाष्पीभवन कमी तापमानालाही होऊ लागले. डाल्टनच्या नियमाने पंपाची गरजच संपवली. द्रावण वर चढवण्याचे काम उकळताना उठणारे बुडबुडे करू लागले.

१९२५ मध्ये एलेक्ट्रोलक्स कंपनीने या शोधाचे उत्पादन हाती घेतले. पुढच्याच वर्षी आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड हेही हलत्या भागांविना चालणाऱ्या शीतकपाटांवर काम करू लागले. त्यांची काही पेटंटे एलेक्ट्रोलक्सनेच विकत घेतली.

ज्योतीचे हे कपाट टिकले, कारण तेव्हाच्या जगात वीज दुर्मीळ होती. १९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील शेतघरांपैकी जेमतेम दहात एका घरी वीज पोहोचली होती. पुढे वीज आली, तरी चाकांवरच्या घरांत, म्हणजे ‘आरव्ही’त, हेच कपाट राहिले. प्रोपेनची टाकी सोबत नेता येते आणि रात्रीच्या शांततेत यंत्राचा आवाज होत नाही. कालांतराने त्यात विजेची सोयही झाली, पण ती कशी? ज्योतीच्या जागी एक तापणारी कांडी बसवली गेली, इतकेच. अमोनियाला उष्णता हवी असते. ती कोठून आली याची त्याला फिकीर नसते.

म्हणूनच ‘गॅस की वीज?’ या प्रश्नाचे उत्तर हिशेबातच शोधावे लागते. अशा कपाटाला १ एकक उष्णता दिली असता ते आतून साधारण पाव एकक उष्णता बाहेर काढते. औष्णिक केंद्रात इंधनाच्या साधारण ३ एकक उष्णतेतून १ एकक वीज मिळते. ती वीज कांडीत जाळून पुन्हा उष्णता केली, तर मूळ इंधनाच्या प्रत्येक एककामागे थंडावा सुमारे ०.०८ एकक उरतो. येथे थेट ज्योत सरस ठरते. परंतु तीच १ एकक वीज कॉम्प्रेसरला दिली, तर तो १.५ एकक किंवा त्याहून अधिक उष्णता हलवतो. म्हणजे मूळ इंधनाच्या एककामागे अर्धा एकक. दोष विजेचा नाही, तिच्यासारख्या उच्च प्रतीच्या ऊर्जेकडून शेगडीचे काम करवून घेण्याचा आहे.

प्रवाशाला हे बॅटरीत दिसते. १२ व्होल्टवर १५० वॅटची कांडी १२.५ अँपिअर प्रवाह घेते; १०० अँपिअर-तासांची बॅटरी ८ तासांत रिकामी होते. तेवढ्याच तापासाठी प्रोपेन मात्र दिवसाला ३०० ते ४०० ग्रॅम पुरतो. अर्थात ज्योतीचीही पथ्ये आहेत. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड थेट बाहेर गेला पाहिजे. ज्योत असो वा कांडी, गाडी समतल उभी हवी. द्रावण गुरुत्वाकर्षणानेच खाली वाहते, ते थांबले तर तापक कोरडा पडून निकामी होऊ शकतो.

या कपाटांनी अधिक मोलाचे कामही केले. वीज न पोहोचलेल्या आरोग्य केंद्रांत लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राखण्यासाठी रॉकेलवर आणि गॅसवर चालणारी शोषण-कपाटे अनेक देशांत वापरली गेली. ज्योतीवर तापमान काटेकोर राखणे अवघड, त्यामुळे आता त्यांची जागा सौरऊर्जेवरील कॉम्प्रेसर घेत आहेत. आरव्हीतही लिथियम बॅटरी आणि सौरपट्टांमुळे तेच घडत आहे.

तरीही शोषणाचे तत्त्व कालबाह्य झालेले नाही. भारतातील कारखान्यांत वाया जाणाऱ्या वाफेवर आणि धुराच्या उष्णतेवर मोठी शोषण-शीतयंत्रे चालतात. पुण्याची थरमॅक्स कंपनी ती बनवते. जेथे उष्णता एरवी फुकट जाणार असते, तेथे पाव एककही कमाईच असते. शंभर वर्षांच्या या इतिहासाचा धडा एवढाच : किती ऊर्जा खर्च झाली याइतकेच, कोणत्या प्रतीची ऊर्जा कोणत्या कामी लावली, हेही विचारले पाहिजे.