पॉवर ॲम्प्लिफायरची रचना आणि सार्वजनिक ध्वनीचा बदलता इतिहास : कडेगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाने विद्युत मंडलाच्या आराखड्याकडे साधन म्हणून पाहावे, ही सूचना आपल्या विद्यापीठीय वर्तुळात अजूनही थोडी चमत्कारिक वाटते. ताम्रपट, बखर, दप्तर, वृत्तपत्र ही साधने आपण मान्य करतो. परंतु गेल्या शतकातील जवळजवळ प्रत्येक सभा, प्रत्येक उत्सव आणि प्रत्येक मिरवणूक ज्या यंत्राच्या आधाराने लोकांपर्यंत पोहोचली, ते यंत्र उघडून आत काय आहे हे पाहण्याची तसदी आपण सहसा घेत नाही. प्रस्तुत लेखात पॉवर ॲम्प्लिफायर या एका यंत्राची रचना आणि तिचे घटक तपासून एक मुद्दा मांडावयाचा आहे. या यंत्राचे मंडल जसजसे बदलत गेले तसतसा सार्वजनिक जागेतील शब्द मागे पडून ठेका पुढे आला. आणि आवाजाचे नियमन करणारा कायदा मात्र शब्दाच्या काळातील मोजपट्टी घेऊन उभा आहे.

लेखक अभियंता नाही, हे आरंभीच सांगणे योग्य. कडेगावच्या बाजारपेठेतील एका दुरुस्ती कारागिराने जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर समोर उघडून त्यातील एकेक भाग दाखविला, तेथून या लेखाची सुरुवात झाली. त्याच्या मागच्या पट्टीवर स्पीकर जोडण्याच्या नेहमीच्या जागांबरोबर ‘१०० व्होल्ट’ अशी एक जागा होती. ‘ही लांबच्या भोंग्यासाठी,’ एवढेच तो म्हणाला. या एका जागेचा अर्थ लावताना बरेच काही हाती लागले.

यंत्रापूर्वीचा आवाज

यंत्र येण्यापूर्वीही आवाज वाढविण्याची व्यवस्था होतीच. शाहिराच्या मागे उभे राहून ‘जी जी’चा झील धरणारे झीलकरी ओळीचा शेवट उचलून दूरच्या श्रोत्यापर्यंत नेत. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हापासून मराठी रंगभूमीची कित्येक दशके उघड्या गळ्यावरच उभी होती. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलाच पाहिजे, ही त्या काळच्या गळ्याची पहिली परीक्षा होती.

१९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात उभे राहिलेले प्रतिसरकार याच परंपरेवर पोसले गेले. कुंडल आणि कडेगावच्या आसपासच्या गावांतून क्रांतिसिंह नाना पाटील यांचे वक्तृत्व आणि शाहिरांचे पोवाडे हीच प्रचाराची साधने होती. भूमिगत माणसाला भोंगा लावून चालत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

उघड राजकारणाने मात्र यंत्र केव्हाच स्वीकारले होते. मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या मुंबईच्या कंपनीने १९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविले. गांधी-नेहरूंच्या अनेक छायाचित्रांत मायक्रोफोनवर या कंपनीचे नाव वाचता येते. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, त्या खटल्यात नानिक मोटवाने हेही आरोपी होते. पुढे ते सुटले. ध्वनिवर्धक पुरविणारा व्यापारी राजद्रोहाच्या छायेत येतो, ही घटना या यंत्राचे राजकीय मोल पुरेसे सांगते. १९४० साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘अहुजा’ कंपनीचे ॲम्प्लिफायर आणि कर्णे पुढे खेडोपाडी पोहोचले.

मंडलाची रचना आणि शब्दाचा काळ

कोणत्याही पॉवर ॲम्प्लिफायरचे काम थोडक्यात असे. मायक्रोफोनकडून आलेला अत्यंत क्षीण संकेत आधी दाबाने, म्हणजे व्होल्टेजने, मोठा करावयाचा. मग अखेरच्या टप्प्यात त्याला स्पीकरचे वेटोळे हलविण्याइतका प्रवाह पुरवावयाचा. ही शक्ती येते वीजपुरवठ्यातून. संकेत फक्त तिला वळण लावतो. पाटाच्या दारावरचा माणूस पाणी निर्माण करीत नाही, किती सोडायचे ते ठरवतो, तसेच हे.

व्हॉल्व्हला दाब जास्त व प्रवाह थोडा लागतो. स्पीकरच्या वेटोळ्याला नेमके उलटे हवे असते. म्हणून या दोहोंमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवावा लागे. १९३६ मध्ये आर.सी.ए. कंपनीने आणलेल्या ‘सिक्स-एल-सिक्स’ या व्हॉल्व्हची एक जोडी साधारण २५ ते ३० वॉट देई. पण ते वॉट कोणत्या स्वरांचे, हे ट्रान्सफॉर्मर ठरवी. स्वर जितका खालचा तितके त्याच्या गाभ्यात लोखंड जास्त लागते आणि लोखंड वाढले की वजन व किंमत वाढते. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी प्रसिद्ध केलेला १५ वॉटचा आराखडा आजही घरगुती उच्च दर्जाच्या ॲम्प्लिफायरचा आरंभ मानला जातो. त्यात विकृती एक दशांश टक्क्यापेक्षाही कमी होती. हे साधले ते निगेटिव्ह फीडबॅकने, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा आत देण्याच्या युक्तीने. ही युक्ती हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली कामावर जाताना नावेत सुचली होती. मात्र विल्यमसनच्या मंडलातला अवघड आणि महागडा भाग ट्रान्सफॉर्मरच होता.

सभेच्या ॲम्प्लिफायरला ही चैन नको होती. माणसाचे बोलणे समजण्यासाठी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो; टेलिफोन त्यावरच चालला. कर्णाही खालचे स्वर फारसे देत नाही. तेव्हा लहान गाभ्याचा, स्वस्त ट्रान्सफॉर्मर चालत असे. त्या १०० व्होल्टच्या जागेचे रहस्यही येथेच आहे. ३० वॉट शक्ती ८ ओहमच्या स्पीकरला थेट द्यावयाची तर सुमारे १.९ अँपिअर प्रवाह लागतो. तीच शक्ती १०० व्होल्टवर पाठविली तर ०.३ अँपिअर पुरतो. तारेतील नाश प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे तो येथे चाळीसपटीने घटतो. कोयनेची वीज उच्च दाबाने का वाहून नेतात, त्याचेच हे छोटे रूप. एका ॲम्प्लिफायरवरून देवळापुढे एक, वेशीवर एक आणि बाजारतळावर एक असे कर्णे बारीक तारेने जोडता येत. कर्ण्याची कार्यक्षमताही मोठी. एका वॉटला एक मीटरवर तो १०५ डेसिबलच्या पुढे जातो. घरगुती पेटीचा स्पीकर ८७ ते ९० च्या आसपास राहतो. हा फरक शक्तीत मोजला तर तीस ते शंभरपटींचा होतो. म्हणून ३० वॉटमध्ये सबंध गाव ऐके.

मोहरमच्या वेळी कडेगावात उंच ताबुतांच्या भेटी पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटते. अशा गर्दीला सूचना देण्याचे काम असो वा निवडणुकीची सभा असो, या यंत्राचे कार्य शब्द पोहोचविणे हेच होते. त्याची सारी रचनाच त्यासाठी बेतलेली होती.

लोखंड गेले, ठेका आला

१९५६ मध्ये आर.सी.ए.चे एच. सी. लिन यांनी ट्रान्झिस्टरचा असा आराखडा मांडला की ज्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. ट्रान्झिस्टर कमी दाबावर भरपूर प्रवाह देतो, त्यामुळे स्पीकर त्याला थेट जोडता येतो. नंतरच्या बहुतेक मंडलांचा सांगाडा हाच राहिला. १९६० च्या दशकात ‘टू-एन ३०५५’ हा स्वस्त व दणकट सिलिकॉन ट्रान्झिस्टर आला आणि दुरुस्ती कारागिरांच्या हाती रुळला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून सुटे भाग आणून जोडलेले ॲम्प्लिफायर गावोगाव दिसू लागले. पुढे सान्योचे ‘एस.टी.के.’ मॉड्यूल आल्यावर तर अर्धे मंडल एकाच ठोकळ्यात मावले.

नव्या रचनेचे दोष वेगळे होते. दोन ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा व खालचा अर्धा भाग वाटून घेतात. सांधा नीट जुळला नाही तर हळू आवाजात खरखर येते. ती टाळण्यासाठी दोघांतून थोडा प्रवाह सतत वाहता ठेवावा लागतो, आणि तो तापमानाबरोबर वाढत गेला तर ट्रान्झिस्टर जळतो. लोखंडाची जागा ॲल्युमिनियमच्या उष्णता-पंख्यांनी घेतली. परंतु इतिहासाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट दुसरीच आहे. संकेताच्या वाटेतून लोखंड गेले आणि खालचे स्वर स्वस्त झाले.

खालचा स्वर शक्ती मात्र अमाप खातो. कान त्या पट्ट्यात मंद असतो, आणि पेटीतील शंकूचा स्पीकर आलेल्या शक्तीतील शेकडा एक-दोन टक्केच ध्वनीत बदलतो. त्यात आवाज दुप्पट वाटावा म्हणून शक्ती दहापट लागते. ३० वॉटवरून ३००० वॉटवर गेलो तरी कानाला ते जेमतेम चौपट. बोलण्यासाठी हा खटाटोप कोणी करणार नाही, ठेक्यासाठी करतो. कॅसेटबरोबर चित्रपटगीते मिरवणुकीत शिरली, पेट्या कर्ण्यांच्या जागी आल्या आणि त्यांची भिंत उभी राहिली. या भिंतीला आपल्या भागात ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्यासाठी. त्यांचे नाव कशाला चिकटले आहे, हे पाहून त्यांना काय वाटले असते कोण जाणे.

अखेरचा अडथळा उष्णतेचा होता. ‘बी’ वर्गाच्या मंडलाची कार्यक्षमता सिद्धांततः ७८.५ टक्क्यांपलीकडे जात नाही. ‘डी’ वर्गात ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद एवढ्याच अवस्थांत, सेकंदाला लाखो वेळा, पालटत राहतो आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांवर जाते. हजारो वॉट एका माणसाला उचलता येतील अशा पेटीत बसले. ती पेटी उघडून आत पाहणारा कारागीर मात्र उरला नाही; बिघडली की सबंध पट्टी बदलतात.

याच मंडलाची दुसरी वाट उच्च दर्जाच्या घरगुती श्रवणाकडे गेली. तेथे शक्तीचा अपव्यय हाच गुण मानला जातो. १९७७ चा मार्क लेव्हिन्सन यांचा ‘एम.एल.-२’ केवळ २५ वॉटचा होता. ‘ए’ वर्गात चालल्यामुळे तो शांत असतानाही त्याच्या कित्येक पट वीज उष्णतेत घालवी. पुण्याच्या ‘केडन्स ऑडिओ’नेही या क्षेत्रात काम केले. घटक तेच, भौतिकशास्त्रही तेच. पण एकीकडे वॉट स्वच्छतेवर खर्च झाले, दुसरीकडे दणक्यावर. तेव्हा यंत्राने समाजाला एकाच दिशेने ढकलले, असे म्हणता येत नाही. ठेका स्वस्त झाला हे मंडलामुळे; तो कोणी, कोठे, किती वाजता वाजवायचा हे माणसांनी ठरविले.

कायद्याची मोजपट्टी

ध्वनिप्रदूषण नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी अधिसूचित झाले. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास मनाई करण्यात आली. दिवसा निवासी भागात ५५ व व्यापारी भागात ६५ डेसिबल ही मर्यादा ठरली. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिवर्धकाला त्यापेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल ते. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीचे निर्बंध उचलून धरले. या मर्यादांची चर्चा पुष्कळ होते. पण त्या ज्या ‘ए’ वक्राने मोजतात त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हा वक्र १९३० च्या दशकातील, फ्लेचर आणि मन्सन यांच्या १९३३ च्या प्रयोगांनंतर रूढ झालेला आहे. तो हळू आवाज ऐकणाऱ्या कानावर बेतलेला असल्याने खालचे स्वर मोठ्या प्रमाणात वजा करतो. १००० हर्ट्झला वजावट शून्य, १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल आणि ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल. २६ डेसिबल म्हणजे शक्तीत चारशेपट. परिणामी ६३ हर्ट्झचा १०० डेसिबलचा निव्वळ ठेका मीटरवर ७४ दिसतो आणि बाजारपेठेत कायदेशीर ठरतो. प्रत्यक्षात ठेक्याबरोबर वरचे स्वरही असतात आणि मिरवणुकीत मर्यादा उघडउघड ओलांडली जाते, हे खरे. पण मोठा आवाज झाला की कानाचा मंदपणा कमी होतो, आणि खालच्या स्वराला भिंत व खिडकी अडवीत नाहीत. घरात भांडी वाजतात, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडते आणि मीटर निमूट राहतो. अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला आपण खोटा पाडतो. ‘सी’ नावाचा दुसरा वक्र उपलब्ध आहे. त्यात ६३ हर्ट्झची वजावट एका डेसिबलपेक्षाही कमी आहे. नियमात तो नाही.

या विषयाची साधने झपाट्याने नष्ट होत आहेत. व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर ट्रान्सफॉर्मरमधील तांब्याच्या भावाने भंगारात जातात. मंडप व ध्वनिवर्धक भाड्याने देणाऱ्यांच्या वह्या, सभांचे पोलीस परवाने, मंडळांचे जमाखर्च यांची नोंद कोणत्याही अभिलेखागारात केली जात नाही. आपापल्या गावातील अशा वह्या पाहण्यासारख्या आहेत. पूर्वी भाडे भोंग्यांवर ठरे. आता ते ‘बेस’ आणि ‘टॉप’ यांच्या संख्येवर ठरते.