गहाण घराची सोडवणूक : नाशिकमधील गृहसाहाय्य व लिलाव यांचा ऐतिहासिक विचार

नाशिकच्या दैनिकांत बँकांच्या लिलावांच्या जाहीर सूचना वरचेवर प्रसिद्ध होतात. एखाद्या सदनिकेचे क्षेत्रफळ, तिच्या चतुःसीमा, कर्जाची येणे रक्कम, राखीव किंमत, बयाणा आणि ‘जसे आहे, जेथे आहे’ ही ठराविक अट एवढाच मजकूर त्यांत असतो. स्वस्त घराच्या शोधात असलेला वाचक राखीव किंमत पाहतो. अभ्यासकाची दृष्टी मात्र सूचनेच्या तारखेकडे जावयास हवी. कारण त्या तारखेला घराच्या मूळ धन्याचा एक जुना हक्क संपतो. गृहसाहाय्याचा इतिहास सामान्यतः शासकीय योजनांच्या क्रमाने लिहिला जातो, आणि कर्जवसुलीचा इतिहास विधिग्रंथांत पडून राहतो. वस्तुतः हे दोन्ही इतिहास एकाच प्रश्नाने बांधलेले आहेत : गहाण पडलेले घर धन्याला केव्हापर्यंत सोडविता यावे?

या प्रश्नाचा आरंभ ‘गहाण लहाण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दस्तऐवजात शोधावा लागतो. मुदतीत रक्कम न फेडल्यास गहाणाचे रूपांतर खरेदीत व्हावे, असा करार या दस्तात असे. मुदतीचा दिवस उलटला की धनको मालक होई आणि ऋणकोस त्याच मिळकतीत उपरा म्हणून राहावे लागे. शंभर रुपयांसाठी पाचशेची मिळकत गेली तरी उरलेल्या चारशेंचा हिशेब कोणी मागू शकत नसे. १८६२ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये ‘रामजी विरुद्ध चिंतो’ या दाव्यात या कराराला निराळा अर्थ दिला. दस्ताचा हेतू कर्जाला तारण देण्याचा असेल तर मुदत टळल्यानेच तो खरेदीखत ठरत नाही. कर्ज फेडून मिळकत सोडविण्याचा हक्क ऋणकोस राहतो, असे न्यायालयाने धरले. इंग्लंडच्या न्यायतत्त्वाची छाया या निर्णयावर उघड दिसते. मद्रासेकडील एका दाव्यात १८७० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने याच्या उलट, कराराच्या शब्दांना मान देणारे मत दिले. तथापि मुंबईच्या न्यायालयाने आपली दिशा सोडली नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६० ने सोडवणुकीचा हक्क संहितेत आणला. मुंबई इलाख्यास तो अधिनियम १८९३ च्या आरंभी लागू झाला, म्हणजे न्यायालयाने दिलेला हक्क कायद्याच्या पुस्तकात येईपर्यंत येथे सुमारे तीस वर्षे गेली.

दरम्यान १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुढे १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा अधिनियम झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. शेजारचे नाशिक त्यांत नव्हते. त्याच्या कलम २२ प्रमाणे शेतकऱ्याची स्थावर मिळकत, ती त्या कर्जासाठी खास गहाण दिलेली नसल्यास, हुकूमनाम्यात जप्त करता वा विकता येत नसे. हेतू उदार होता, परिणाम उलटा झाला. साध्या कर्जरोख्यावर मिळकत हाती येत नाही हे कळताच सावकार गहाणखत मागू लागला. आणि गहाण सोडविता येते हे कळल्यावर तो सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागला, रक्कम फेडल्यास मिळकत परत देण्याचा शब्द मात्र तोंडीच राही. १९०७ मध्ये कलम १०-अ घालून, खरेदीखत दिसणारा दस्त प्रत्यक्षात गहाण होता असे दाखविण्यास तोंडी पुरावा घेण्याची मुभा शासनास द्यावी लागली. उलट १९२९ च्या दुरुस्तीने मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात अशी अट आली, की परत देण्याची शर्त विक्रीच्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानू नये. एका कायद्याने दस्ताच्या आत डोकावण्यास सांगितले आणि दुसऱ्याने दस्ताच्या बाहेर पाहू नये असे बजावले. गावातील लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांस या दोहोंमधील अंतर चांगलेच उमगले असले पाहिजे.

दिवाणी प्रक्रिया संहितेतही घराला थोडे संरक्षण होते. १९०८ च्या संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याचे राहते घर, त्याचे साहित्य व त्याखालील जागा जप्तीतून वगळली. १९७६ च्या दुरुस्तीने मजूर व घरगुती नोकर यांसही ही सवलत मिळाली. परंतु घर आपण होऊन गहाण दिले की ही ढाल गळून पडते, कारण गहाणाच्या हुकूमनाम्यास जप्तीची गरजच नसते. घर बांधण्यासाठी कर्ज काढणाऱ्यास घरच तारण द्यावे लागते. यास्तव ज्या माणसाला घराचे संरक्षण सर्वाधिक हवे, त्याच्या वाट्याला ते येत नाही.

विसाव्या शतकातील नाशिकला या गोष्टीचे महत्त्व प्राप्त झाले ते त्याच्या बदललेल्या वस्तीमुळे. जुन्या नाशकात घर म्हणजे वाडा, आणि बहुसंख्य कुटुंबांच्या दृष्टीने वाड्यातील भाड्याचे बिऱ्हाड. नाशिकरोडला १९२५ मध्ये सुरक्षा मुद्रणालय व १९२८ मध्ये चलनी नोटांचे मुद्रणालय सुरू झाले. पुढे १९६४ पासून ओझर येथे विमानांचा कारखाना उभा राहिला, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने सातपूर व नंतर अंबड येथे कारखानदारीस जागा दिली. महिन्याच्या पगारावर जगणारा, गावाकडील शेत भावांच्या स्वाधीन करून आलेला असा एक मोठा वर्ग या शहरात निर्माण झाला. काहींना कारखान्याची निवासस्थाने मिळाली. पण निवृत्तीबरोबर ती सोडावी लागत. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांच्यापुढे भाडे किंवा कर्ज हे दोनच मार्ग होते.

शासकीय साहाय्य नेमके याच वर्गासाठी पुढे आले. मुंबई गृहनिर्माण मंडळाचा अधिनियम १९४८ चा. केंद्राने १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहयोजना व १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटाची योजना काढली. दुसऱ्या योजनेत घराच्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, परंतु ८,००० रुपयांहून अधिक नाही, असे कर्ज मिळे. अनुदानाकडून कर्जाकडे झालेला हा प्रवास योजनांच्या याद्यांत सहसा नजरेस येत नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने त्या दशकात नवीन नाशिकची आखणी हाती घेतली आणि लहान घरांच्या एकामागून एक सहा योजना उभ्या केल्या. त्या वस्तीस आजही लोक नुसते ‘सिडको’ म्हणतात, हे त्या कामाच्या व्याप्तीचे चांगले गमक होय. म्हाडा १९७७ मध्ये अस्तित्वात आली व नाशिक मंडळाच्या द्वारे तिचे काम येथे चालू झाले. अशा सार्वजनिक संस्थांनी अनेकदा भाडे-खरेदीची पद्धत वापरली : अखेरचा हप्ता फिटेपर्यंत मालकी संस्थेची, राहणारा केवळ वाटपधारक. येथे हप्ते थकल्यास वाटप रद्द होई. घर बाजारात न जाता संस्थेकडे परत येई. १९७७ मध्ये खाजगी गृहवित्त संस्था व १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक स्थापन झाल्यावर चित्र पालटले. राहणारा प्रथमपासून मालक झाला, आणि मालक झाल्यामुळेच त्याचे घर लिलावास पात्र झाले.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत निराळी परिस्थिती आहे. तेथील घरकुले, मग ती १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेतील असोत, शबरी योजनेतील असोत की २०१६ नंतरच्या प्रधानमंत्री आवास योजनेतील, ती कर्जाची नसून अनुदानाची असतात. ग्रामीण योजनेत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार व डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये असे त्याचे मान ठरले. शिवाय जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीवाचून जाऊ शकत नाही. हे घर लिलावात जात नाही, परंतु त्यावर बँक कर्जही देत नाही.

नाशिक हे सहकाराचे क्षेत्र असल्याने वसुलीचा एक मार्ग सहकारी कायद्यातून जातो. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, व १९६१ च्या नियमांतील नियम १०७ प्रमाणे मिळकतीची विक्री होते. या नियमात जुन्या न्यायबुद्धीचा एक अवशेष टिकून आहे. लिलाव पुकारला गेल्यानंतरही तीस दिवसांच्या आत थकलेली रक्कम आणि खरेदीदारास त्याच्या किमतीच्या पाच टक्के इतकी भरपाई जमा केल्यास विक्री रद्द होते. दिवाणी संहितेतील आदेश २१, नियम ८९ चाच हा भाऊ. पाच टक्क्यांची ही तरतूद विचारपूर्वक केलेली दिसते : बोली लावणाऱ्याचा खोळंबा भरून निघतो आणि घर घरात राहते.

२००२ च्या प्रतिभूतिकरण अधिनियमाने (सरफेसी) बँकांना न्यायालयात न जाता तारणाची अंमलबजावणी करण्याचा अधिकार दिला. हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. मग कलम १३(२) ची साठ दिवसांची सूचना, त्यानंतर ताबा, आणि आवश्यक तेथे कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याचे साहाय्य. ऋणकोस ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. एक लाखापर्यंतचे तारण-कर्ज व शेतजमीन यांस हा अधिनियम लागू नाही. शहरातील सदनिकेच्या कर्जापुढे एक लाखाची ही मर्यादा नाममात्रच म्हणावी लागते. सहकारी बँकांना हा अधिकार आहे की नाही हा वाद कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या निमित्ताने घटनापीठापुढे गेला व मे २०२० मध्ये बँकांच्या बाजूने निकालात निघाला.

सोडवणुकीच्या हक्काचे काय झाले? मूळ कलम १३(८) मध्ये विक्रीसाठी ठरलेल्या तारखेपूर्वी रक्कम भरल्यास विक्री थांबे, आणि २०१४ मध्ये ‘मॅथ्यू व्हर्गीस’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६० चा जुना हक्क या अधिनियमाखालीही शाबूत असल्याचे मानले. सप्टेंबर २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘विक्रीची तारीख’ जाऊन ‘सूचना प्रसिद्ध होण्याची तारीख’ आली. २०२३ मध्ये ‘सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स’ या निर्णयात न्यायालयाने स्पष्ट केले, की लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की ऋणकोचा सोडवणुकीचा हक्क संपतो. १८६४ मध्ये ठरलेली मुदत उलटूनही जो हक्क जिवंत राहिला होता, तो आता वर्तमानपत्राच्या एका अंकाबरोबर मावळतो. या बदलाचे समर्थन करता येत नाही असे नाही. बोली लावणाऱ्यास व्यवहाराची शाश्वती नसेल तर किंमत पडते, आणि पडलेल्या किमतीचा तोटा शेवटी ऋणकोसच होतो. पण पाच टक्क्यांच्या जुन्या तरतुदीने हीच अडचण घर न घालविता सोडविली होती, हे विसरता येत नाही.

अमेरिकेत महामंदीच्या काळी शासनाने १९३३ मध्ये गृहस्वामी कर्ज निगम स्थापून दहा लाखांच्या सुमारास थकलेली गृहकर्जे स्वतःकडे घेतली आणि त्यांच्या फेडीची मुदत वाढविली. तरीही त्यांतील पाचांपैकी सुमारे एक घर निगमाला ताब्यात घ्यावे लागले, आणि मग ती घरे विकणारा विक्रेताही शासनच झाला. नाशकात शासन विक्रेता नाही. त्याचा हात निराळ्या ठिकाणी दिसतो. २०१५ च्या नागरी आवास योजनेत सहा लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान होते. २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात ३५ लाखांपर्यंत किमतीच्या घरासाठी घेतलेल्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जातील पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, असे साहाय्य ठरले. पूर्वी दुसऱ्याच्या मालकीचे असलेले घर विकत घेणाऱ्यासही हे साहाय्य मिळू शकते, म्हणजे अन्य अटी पुऱ्या होत असल्यास लिलावातील घर कर्जाने घेणाऱ्यासही. त्याच योजनेचा दुसरा नियम असा, की मागील वीस वर्षांत शासकीय गृहयोजनेचा लाभ घेतलेले कुटुंब अपात्र होय. पहिल्या टप्प्यात अनुदान घेऊन ज्याने घर घेतले व पुढे आजारपणात किंवा कारखाना बंद पडल्याने जो ते गमावून बसला, त्याला नियमाच्या अक्षरार्थाने पुन्हा दार उघडत नाही. त्याच घराच्या नव्या धन्याला ते उघडू शकते. असे घडावे असा कोणाचा हेतू नसेल. परंतु हे दोन नियम लिहिणाऱ्यांनी ते शेजारी ठेवून वाचले नसावेत.

लिलावातील घर स्वस्त का असते, याचेही उत्तर यातच आहे. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीत मागील घरपट्टी, गृहसंस्थेची थकबाकी आणि पुष्कळदा आत राहत असलेले कुटुंब हे सारे खरेदीदाराच्या पदरी पडते. बँकेकडे सांकेतिक ताबा असेल तर प्रत्यक्ष ताब्यासाठी पुन्हा दंडाधिकाऱ्याकडे जावे लागते. किमतीतील सूट ही बहुतांशी या जोखमीची किंमत असते.

आता नाशिकच्या एकाच गल्लीतील दोन घरे घ्यावीत. एक पतसंस्थेकडे गहाण आहे, दुसरे बँकेकडे. दोन्ही कर्जे सारखी, दोन्ही कुटुंबे कारखान्यात राबणारी. पहिल्या घराचा हातोडा पडल्यावरही धन्याच्या हाती तीस दिवस असतात, आणि त्या अवधीत नातलगांकडे जाऊन, दागिने मोडून किंवा गावाकडची जमीन विकून तो घर राखू शकतो. दुसऱ्याने सूचना छापल्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम आणली तरी बँकेने ती घेतलीच पाहिजे असे त्याला म्हणता येत नाही. घर गहाण ठेवताना हा भेद त्या दोघांपैकी कोणासही कोणी सांगितलेला नसतो.