विमान मुंबईला थांबलं तर...

ऑगस्ट १९४९. घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमांवर खल चालला होता. या कलमांनी मसुदा समितीचं डोकं फार दुखवलं, हे खुद्द डॉ. आंबेडकरांनीच सांगितलं होतं. विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख बोलायला उठले आणि त्यांनी दाखला दिला तो मुंबईचा. परदेशी जोडपं विमानाने चाललंय, विमान मुंबईला थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात बाई बाळंत होते. मग ते मूल काय भारताचं नागरिक?

त्या काळी मुंबईचा नागरी विमानतळ सांताक्रूझला होता आणि महापालिकेची हद्द अजून तिथवर पोचलीच नव्हती. अंधेरी-घाटकोपरकडची उपनगरं शहरात आली १९५० साली, बोरिवली-मुलुंड त्यानंतर १९५७ मध्ये. म्हणजे पंजाबरावांच्या भीतीप्रमाणे ते बाळ भारतीय ठरलं असतं, तरी कागदोपत्री मुंबईकर नाही!

चर्चेतल्या कलमात जन्माच्या जोडीला भारतात अधिवासाचीही अट होती. तरी पंजाबरावांना आपलं नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, अशी धास्ती होती. या कलमाला त्यांनी सुचवलेली दुरुस्ती फेटाळली गेली.

जिथे जन्म तिथलं नागरिकत्व, या नियमाचं कूळ इंग्लंडचं. स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या एका मुलाला इंग्लंडात जमीन धारण करता येईल का, असा वाद उभा राहिला. १६०८ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला: राजाच्या सत्तेखाली जन्मला तो राजाचा प्रजाजन. अमेरिकेने १८६८ मध्ये, गुलामगिरी संपल्यावर, हाच नियम राज्यघटनेत घातला, तो मुक्त झालेल्या काळ्या माणसांचं नागरिकत्व कुणाला नाकारता येऊ नये म्हणून. राजनिष्ठेच्या पोटी जन्मलेला नियम असा समतेच्या कामी आला.

आपल्याकडे एप्रिल १९४७ मध्ये सरदार पटेलांनी घटना समितीत या नियमाची बाजू घेतली, तीही रोखठोक युक्तिवादाने. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या हिंदी माणसांसाठी तिथलं नागरिकत्व आपण मागतो, मग घरी संकुचित होऊन कसं चालेल? अखेर १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात नियम मोकळाढाकळा आला. २६ जानेवारी १९५० पासून भारतात जन्मलेला प्रत्येक जण नागरिक. अपवाद परदेशी राजदूतांच्या आणि शत्रूने व्यापलेल्या भागात शत्रुदेशीयांना झालेल्या मुलांचे. गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांना ही उदार दृष्टी काळाला धरून वाटत होती.

काळ पालटला. परदेशी स्थलांतरितांविरुद्धचं आसाम आंदोलन, त्यातून झालेला १९८५ चा करार, श्रीलंकेतून आलेले निर्वासित. १९८६ ची दुरुस्ती १ जुलै १९८७ पासून लागू झाली आणि आई-वडिलांपैकी एक तरी नागरिक असणं सक्तीचं झालं. समजा, घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात ३० जूनच्या रात्री परदेशी दांपत्याला जुळं झालं. पहिलं बाळ बारा वाजायच्या आत, दुसरं बारा वाजून गेल्यावर. थोरलं भारतीय, धाकटं परदेशी! गंमत म्हणून ठीक. पण ज्याच्यावर ही वेळ येईल त्याला हसू येणार नाही. इंग्लंडने स्वतःच १९८३ पासून हा नियम आवळला होता, तेव्हा आपण एकटेच बदललो असं नाही.

३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक गाठ बसली. आई-वडील दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे आई अस्सल बोरिवलीची असली तरी बापाच्या कागदपत्रांवरून मुलाचं नागरिकत्व जाऊ शकतं. आई-बापाच्या कृत्याचा भुर्दंड मुलाने का भरावा, याचं समाधानकारक उत्तर या दुरुस्तीत सापडत नाही.

कायदा असा दोनदा बदलला, तरी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून मिळणारा जन्माचा दाखला आपल्या जागी आहे. त्यावर बाळाचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आई-बापांची नावं, पत्ता, नोंदणी क्रमांक. आई-बापांच्या नागरिकत्वाचा रकाना त्यात नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट यांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. १९८० साली जन्मलेल्या माणसाचं नागरिकत्व त्या एका कागदावर सिद्ध होऊ शकतं. २०१० साली जन्मलेल्याला त्याच्या जोडीला आई-बापांचीही कागदपत्रं काढावी लागतात.